कॅन्सरची टेस्ट, लसीचा एक डोस आणि बार्शी: संशोधन गावापर्यंत पोचतं कसं?

'एचपीव्ही लसीचा एकच डोस पुरतो' असं एखाद्या रीलमध्ये तुम्ही ऐकलं असेल. 'तिशीनंतर बायकांनी एचपीव्ही टेस्ट करून घ्यावी' हेही ऐकलं असेल. ही दोन्ही वाक्यं जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींतली आहेत. पण त्या शिफारशींना आधार कुठून मिळाला याचा माग काढत गेलं, की तो येतो थेट सोलापूर जिल्ह्यात. बार्शीला.

हो, तीच बार्शी. भगवंताचं मंदिर, जुनी बार्शी लाइट रेल्वे आणि ज्वारीवाली. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्सच्या लिऑन शहरातली आयएआरसी यांच्यासोबत काही दशकं काम केलं. आयएआरसी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था. या कामातून जगाला जे कळलं, ते आज पाठ्यपुस्तकात आहे. पण आपल्या आईची, मावशीची टेस्ट झालीय का, हे विचारून बघा. बहुतेक घरांत उत्तर 'नाही' येईल. शास्त्रज्ञाला कळलेली गोष्ट दवाखान्यात रोज घडायला लागणं, हा मधला रस्ता कसा असतो ते या लेखात बघूया.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझन यांना २००८ साली नोबेल मिळालं. विषाणूचा संसर्ग अगदी कॉमन आहे आणि बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्या थोड्या बायकांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात पेशी हळूहळू बदलतात. कॅन्सर व्हायला बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे पकडायला भरपूर वेळ असतो. तरीही २०२२ साली भारतात या कॅन्सरचे अंदाजे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाले. अंगावरून पांढरं जातंय, मध्येच रक्त जातंय, पाठ दुखतेय, हे सगळं 'अंगावर काढायची' आपल्याकडे सवयच आहे. दवाखाना गाठेपर्यंत आजार पुढे गेलेला असतो.

मोजणार कसं?

कोणताही इलाज लागू पडतोय की नाही हे कळायला आधी आकडा लागतो. किती माणसांत किती रुग्ण? मुंबईत १९६३ पासून कॅन्सरची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री होती. शहरात ते जमतं, कारण हॉस्पिटलं आणि लॅब ठरावीक असतात. तिथे जाऊन कागद चाळायचे. खेड्यात चाळणार काय? बार्शी तालुक्यातला माणूस कधी सोलापूरला जातो, कधी पुण्याला, कधी मुंबईला. कित्येकदा कुठेच जात नाही, घरातच जातो.

१९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली. बार्शी आणि शेजारच्या जिल्ह्यातले परंडा आणि भूम असे तीन तालुके, ३४६ गावं. डॉ. भगवान नेने आणि कस्तुरी जयंत ही या कामातली महत्त्वाची नावं. कागद मिळत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पद्धतच उलटी केली. रजिस्ट्रीची माणसं गावात जाऊन जाणत्या लोकांना भेटायची, कोणती लक्षणं संशयाची हे समजावून सांगायची, असं कुणी आहे का विचारायची आणि संशयित रुग्णाला हॉस्पिटलपर्यंत आणायची.

तुमच्या फोनमध्ये एकच माणूस तीन नावांनी सेव्ह असतो ना? रजिस्ट्रीची डोकेदुखी तीच, फक्त लाखोंच्या लोकसंख्येत. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, हॉस्पिटलच्या केसपेपरवर तिसरंच. वय विचारलं तर 'बहात्तरच्या दुष्काळात एवढी होते' असा हिशोब. एकच बाई दोनदा मोजली गेली तर आकडा फुगतो, राहून गेली तर घटतो. आणि हे सगळं आधार नंबर आणि स्मार्टफोन यायच्या आधीचं.

यातून एक गोष्ट घडली, जी मला या सगळ्या कहाणीत सर्वात रंजक वाटते. माहिती गोळा करता करता लोकांनाही माहिती मिळत गेली. आजार लवकरच्या टप्प्यावर असताना येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढायला लागलं. १९९५ साली त्यावर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निबंधही आला. नवं मशीन नाही, नवं औषध नाही. मोजायला आलेली माणसं बोलत होती, एवढंच.

गावागावांतली 'ए-बी टेस्ट'

ॲप बनवणाऱ्या कंपन्या काय करतात माहितीय? निम्म्या युजर्सना हिरवं बटण दाखवतात, निम्म्यांना निळं, आणि कोणतं जास्त दाबलं जातं ते बघतात. याला ए-बी टेस्ट म्हणतात. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये बार्शीच्या टीमने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात असंच काहीसं सुरू केलं. फक्त इथे बटणाच्या जागी बायकांचा जीव होता.

प्रश्न साधा होता. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच हुडकायच्या तीन पद्धती होत्या. पहिली, पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, म्हणजे पॅप टेस्ट. दुसरी व्हीआयए. यात नर्स गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरसारखं द्रावण लावते आणि मिनिटभराने साध्या डोळ्यांनी बघते. पेशी बिघडल्या असतील तर तिथे पांढरा चट्टा उठतो. तिसरी एचपीव्ही टेस्ट, जी थेट विषाणूचा डीएनए शोधते. प्रत्येक बाईची आयुष्यात एकदाच टेस्ट झाली, तर यातली कोणती मृत्यू कमी करेल?

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका यात होत्या. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भागांत वाटले, प्रत्येक भागात १३ गट. बाई-बाईनुसार वाटणी का केली नाही? कारण खेड्यात ते चालत नाही. हापशावर भेटलेल्या दोघींपैकी एकीची एक टेस्ट आणि दुसरीची वेगळी, असं झालं की शंका सुरू. नर्सचाही गोंधळ उडणार. म्हणून अख्ख्या गावाला एकच पद्धत. याला क्लस्टर ट्रायल म्हणतात.

ज्यांना टेस्टसाठी बोलावलं, त्यांपैकी दहातल्या जवळपास आठ बायका आल्या. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. दुखत-खुपत नसताना, रोजगार बुडवून, आतली तपासणी करून घ्यायला दहातल्या आठ जणी आल्या. यामागे घरोघर फिरून याद्या करणाऱ्या आणि समजावणाऱ्या आरोग्य सेविकांचे कष्ट आहेत. शोधनिबंधात त्याला 'सहभागाचं प्रमाण' म्हणतात आणि एका ओळीत विषय संपतो.

निकाल २ एप्रिल २००९ ला 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. आयएआरसीचे डॉ. आर. शंकरनारायणन पहिले लेखक, सोबत बार्शीचे डॉ. नेने आणि टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री. एचपीव्ही टेस्टच्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. टेस्ट न केलेल्या गटात ६४. पुढच्या टप्प्याला गेलेले कॅन्सर एचपीव्ही गटात ३९, तर टेस्ट न केलेल्यांत ८२. एका टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये खात्रीने सांगता येईल एवढी घट दिसली नाही.

असं का? एचपीव्ही टेस्टमध्ये नमुना लॅबमध्ये जातो. तेव्हाच्या टेस्टमध्ये विषाणूच्या डीएनएला जुळणारा आरएनएचा तुकडा मिसळायचे. दोघांची जोडी जमली की रसायनामुळे प्रकाश निघतो आणि मशीन तो मोजतं. आकडा ठरावीक मर्यादेच्या वर की खाली, एवढंच बघायचं. आता बऱ्याच टेस्ट कोरोनाच्या आरटी-पीसीआरसारख्या तंत्राने होतात. पॅप आणि व्हीआयएमध्ये मात्र माणसाच्या नजरेवर सगळं अवलंबून. त्यातून एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या बाईला पुढच्या काही वर्षांत कॅन्सर व्हायची शक्यता, इतर दोन टेस्टमध्ये निगेटिव्ह आलेल्यांच्या साधारण पाव होती. एकदा टेस्ट करून बरीच वर्षं निर्धास्त राहता येतं ते यामुळे.

त्या ६४ जणींचं काय?

टेस्ट न केलेल्या गटाला माहिती आणि सल्ला दिला होता, टेस्ट नाही. 'भारतात नेहमी जे मिळतं, तेवढं त्यांना मिळालं' असं संशोधकांचं म्हणणं. पण पॅप टेस्टने हा कॅन्सर टळतो हे जगाला आधीच माहीत असताना हजारो बायकांना तपासणीशिवाय ठेवून मृत्यू मोजत बसायचे का, असा आक्षेप नंतर डॉक्टरांनीच घेतला. त्यावर वैद्यकीय नीतिमत्तेच्या नियतकालिकांत कडक वादावादी झाली.

माझं मत विचाराल तर आक्षेपात दम आहे. दुसरी बाजूही आहे: तेव्हा धाराशिवच्या खेड्यात पॅप टेस्ट कुणालाच मिळत नव्हती, आणि कोणती पद्धत खेड्यात चालते याचा पुरावा नसता तर सरकारने कशावर पैसे घालायचे हेच ठरलं नसतं. पण मग त्या पुराव्याचा उपयोग करणं हे कर्जच झालं. ते आपण फेडलंय का, हे पुढे बघू.

साधी टेस्ट, पण कुणाच्या हातात?

व्हीआयए बिनकामाची आहे असा अर्थ काढू नका. तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात नर्सनी केलेल्या व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांमध्ये दोन-दोन वर्षांनी चार वेळा तपासणी केली. तपासणाऱ्या होत्या थोडंफार शिकलेल्या आणि काही आठवड्यांचं ट्रेनिंग घेतलेल्या आरोग्य सेविका. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

म्हणजे तेच द्रावण, तोच चट्टा, निकाल वेगळा. किती वेळा तपासलं, नजर कितपत तयार झाली, चूक झाली तर दाखवायला वर कुणी होतं का, पॉझिटिव्ह बाईला पुढे नेलं का, यावर सगळं अवलंबून. व्हीआयएमध्ये खरं मशीन नर्सताईच असते, आणि मशीनसारखंच तिलाही अधूनमधून तपासावं लागतं. संशोधक नुसता निबंध पाठवून मोकळा झाला तर हे होत नाही.

सरकारचा आदेश आणि एक डोस

आता लसीची गोष्ट. २००९ मध्ये आयएआरसीने भारतात नऊ ठिकाणी एक अभ्यास सुरू केला. बार्शी त्यातलं एक, मुंबई आणि पुणेही होते. १० ते १८ वयाच्या मुलींना एचपीव्ही लसीचे तीन डोस द्यायचे की दोन पुरतात, हे बघायचं होतं. तेवढ्यात आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लस प्रकल्पात मुलींचे मृत्यू आणि संमती यावरून देशभर वादळ उठलं. एप्रिल २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लसीचे सगळेच अभ्यास थांबवले. १७,७२९ मुलींची नोंद झाली होती. त्यांपैकी जवळपास ४,९५० जणींना एकच डोस मिळाला होता.

अभ्यास फसला म्हणून फाइल बंद करता आली असती. टीमने तसं केलं नाही. लस थांबली तरी मुलींचा पाठपुरावा चालू ठेवला. दहा वर्षं. आता हे आपल्याकडे किती अवघड आहे बघा. लसीचा परिणाम तपासायला नमुना घ्यायचा तो लग्नानंतर दीड वर्षाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी. तोवर मुलगी गेलेली असते सासरी, दुसऱ्या गावी. आडनाव बदललेलं, फोन नंबर बदललेला. तिथे जाऊन, कुणाच्या मनात किंतू येणार नाही अशा बेताने तिला शोधायचं.

२०२१ च्या शेवटी 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मध्ये निकाल आला. कॅन्सर करणाऱ्या मुख्य दोन प्रकारांच्या, म्हणजे १६ आणि १८ च्या चिवट संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५.४ टक्के. दोन डोसचं ९३.१ आणि तीन डोसचं ९३.३. म्हणजे फरक नाहीच. केनियातल्या आणि इतर ठिकाणच्या अभ्यासांनीही साथ दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल असं म्हटलं. गरीब देशांसाठी लसीचा खर्च त्यामुळे एकदम खाली आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही भारतीय लसही त्याच सुमारास मंजूर झाली.

मग आपल्या गावात काय अडलंय?

२०१६ मध्ये केंद्राने तिशीवरच्या सगळ्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तपासणी करायचं ठरवलं आणि गर्भाशयमुखासाठी व्हीआयए निवडली. स्वस्त, वीज नको, निकाल लगेच. एचपीव्ही टेस्टला लॅब आणि पैसा दोन्ही लागतात. निवड समजण्यासारखी आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ही तपासणी कधीतरी झालेल्यांचं प्रमाण निघालं फक्त १.९ टक्के. शंभरात दोघीही नाहीत. वरच्या कर्जाचा हिशोब हा असा आहे.

आता आशाताईकडे फॉर्म आहे, सिस्टरकडे टॅब आणि एनसीडी ॲप आहे. तंबाखू, कमरेचा घेर, घरातले आजार असं विचारून गुण काढतात आणि चारच्या वर गेले की तपासणी आधी करायची असते. कल्पना चांगली आहे. पण ॲपमध्ये फॉर्म भरला की टिकमार्क येतो. बार्शीच्या वहीत प्रत्येक रुग्णासमोर पुढे काय झालं तेही लिहावं लागायचं: कोणत्या टप्प्यावर सापडली, उपचार झाले का, जगली का. मला वाटतं, ॲपच्या डॅशबोर्डवर हाच रकाना सर्वात वर हवा.

'मग फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून एआयला दाखवू', असं तुमच्यातल्या टेकप्रेमींच्या मनात आलंच असेल. प्रयत्न झालाय. २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या टीमने कोस्टा रिकातल्या ९ हजारांहून जास्त बायकांच्या जुन्या फोटोंवर एआय शिकवला. कागदावर निकाल झकास आला, पण ते फोटो एका खास कॅमेऱ्याचे होते. वेगवेगळ्या फोनच्या फोटोंवर तोच एआय गडबडला, कारण प्रकाश वेगळा, फोकस वेगळा, रंग वेगळे. मग पुन्हा पायापासून काम करावं लागलं. दरम्यान एचपीव्ही टेस्टची मशीनं लहान होत चाललीत. टीबी आणि कोरोनाच्या टेस्टमुळे माहीत झालेलं, बॅटरीवर चालणारं गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट एचपीव्हीसाठीही वापरता येतं. माझी पैज कॅमेऱ्यापेक्षा अशा मशीनवर आहे.

आईसोबत जाणार असाल तर

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी विचारा: कोणती टेस्ट होते, कोणत्या वारी होते आणि पॉझिटिव्ह आली तर पुढे कुठे पाठवता? तिसरा प्रश्न सोडू नका. एचपीव्ही टेस्ट नाही म्हणाले आणि व्हीआयए असेल, तर तीही करून घ्या. फक्त पाळी गेल्यानंतर व्हीआयएमध्ये नीट दिसत नाही, तेव्हा पन्नाशीपुढे एचपीव्ही किंवा पॅपबद्दल विचारलेलं बरं. आणि रक्त जाणं, पांढरं जाणं असा त्रास आत्ता होत असेल तर तपासणीच्या वाराची वाट बघू नका, डॉक्टरला दाखवा.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढे आणखी तपासणी होते आणि पेशी बिघडलेल्या असल्या तर तो भाग गोठवून किंवा काढून टाकतात, बहुतेकदा त्याच दिवशी घरी जाता येतं. संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो, त्यामुळे रिपोर्टवरून कुणाच्या वागण्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. तो फॅमिली ग्रुपवर टाकू नका. घरात ९ ते १४ वयाची बहीण असेल तर लस कुठे आणि कोणत्या वयाला मिळते हेही आशाताईंना त्याच फेरीत विचारा.

रिपोर्ट लगेच मिळणार नसेल तर तारीख आणि सिस्टरचा नंबर लिहून घ्या. आईच्या फोनमध्ये नको, तुमच्या फोनमध्ये रिमाइंडर लावा.